उदाराम मिस्त्रींचे दोन रॅम्प

उदाराम पटले यांना नुसतं नावाने हाक मारायची नाही, मिस्त्री म्हणायचं, असा गावात नियम होता. नियम अर्थात त्यांनीच केलेला. गोंदियाच्या आसपासच्या निम्म्या राइस मिलांचे ओटे आणि चढ आपल्या हातचे आहेत, असं ते कुणालाही सांगत. निम्म्या नसतील, पण दहा-बारा होत्या, आणि एकही चढ आजवर खचलेला नव्हता, हे मात्र खरं.

मिलच्या चढाचं एक तंत्र असतं. हमालाच्या पाठीवर धानाचं पोतं असतं, त्याला लांबून फिरून यायला सांगून चालत नाही. म्हणून चढ आखूड आणि उभा हवा, चार ढांगांत माणूस वर पोचला पाहिजे. पाय घसरू नये म्हणून ओल्या सिमेंटवर वीत-वीत अंतराने आडव्या पट्ट्या उठवायच्या. या पट्ट्या म्हणजे मिस्त्रींचा जीव की प्राण. त्या त्यांनी कधी हाताखालच्या माणसावर सोडल्या नाहीत.

तर असा माणूस कामठ्याच्या पुढच्या त्यांच्या गावातल्या शाळेला रॅम्प बांधायला मिळाला, म्हणून मुख्याध्यापक हीरालाल गुरुजी खूश होते. गरज खरीच होती. रिंकी नावाची मुलगी सहावीपर्यंत जुन्या कौलारू इमारतीत शिकली. तिथे जमीन आणि वर्ग एकाच पातळीवर, तिची व्हीलचेअर थेट आत जायची. सातवीचा वर्ग मात्र नव्या इमारतीत, पावणेदोन फूट उंच जोत्यावर, तीन पायऱ्या चढून.

मे महिन्यात गुरुजींनी मिस्त्रींच्या हातात वरून आलेला कागद ठेवला. त्यात नकाशा होता आणि खाली लिहिलं होतं, एक फूट उंची चढायची तर बारा फूट लांबी घ्यावी. मिस्त्रींनी कागदाची घडी केली आणि गुरुजींच्याच टेबलावर परत ठेवली.

"गुरुजी, याच्यानं तं अर्धं आंगण खपते. चढ मले नोका शिकवू. तीस वर्सं झाले, तेच करून राहिलो."

सहा फुटांत त्यांनी काम उरकलं. पट्ट्या इतक्या सुबक उठल्या होत्या की गुरुजींनीही दोनदा हात फिरवून पाहिला. शाळा उघडली त्या दिवशी नारळ फुटला. रिंकीच्या हातात झेंडूचं फूल दिलं, दोन शिक्षकांनी खुर्ची मागून रेटत वर नेली आणि त्याचा फोटो निघाला. संध्याकाळपर्यंत तो फोटो शिक्षण खात्याच्या पोर्टलवर चढलासुद्धा. काम पूर्ण.

दुसऱ्या दिवशी रिंकी एकटी चढायला आली. मिस्त्री जवळच होते. राहिलेली थापी न्यायला आलो, असं ते म्हणत होते. खरं म्हणजे चार लोकांनी वाहवा करावी म्हणून आले होते. खुर्चीची पुढची लहान चाकं पहिल्याच पट्टीला अडली. रिंकी मागे सरली, जोर करून पुन्हा आली. चाकांनी एक पट्टी ओलांडली, दुसरीवर खुर्ची पुढून उचलली गेली आणि रिंकी पाठीवर जायला लागली. मागे तिची आई शांतीबाई होती म्हणून निभावलं.

"मिस्त्री, हे का बनवलं जी?" शांतीबाई खुर्ची सरळ करत म्हणाली.

"काऊन? काय वाईट हाय याच्यात? याच्यावरून हमाल क्विंटलचं पोतं घेऊन चढते!"

रिंकी ओढणी नीट करत म्हणाली, "काका, मी का पोतं आहो का? अना हमाल कुठं हाय माह्यापाशी?"

व्हरांड्यातली पोरं फिदीफिदी हसली. मिस्त्रींचे कान तापले. दोन पोट्टे ढकलायला ठेवू, असं ते म्हणाले, तर ती म्हणाली, "ते घरी गेले तं?"

शांतीबाईने मग सरळच सांगून टाकलं. तिचा नवरा नागपुरात सिक्युरिटी गार्ड. घरची बांधी, म्हणजे धानाचं शेत, तिच्या एकटीच्या अंगावर. पोरगी खाली उतरू शकली तर डबा, पाणी, संडास सगळं आपलं आपण करते, पण या वर्गात तिला उचलून चढवायची, उचलून उतरवायची, म्हणजे आईने दिवसभर शाळेतच बसायचं. "रोवणा लागेपर्यंत बसतो मी. रोवणा लागला का पोरगी घरी. मंग सातवी गेली तं गेली." धानाची रोवणी कुणासाठी थांबत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पंधरा-वीस दिवस हातात होते.

मिस्त्री रागातच घरी गेले. पोरीला खुर्ची चालवता येत नाही, असं बायकोला सांगितलं. बायकोने नुसता भात वाढला, त्यामुळे राग आणखी वाढला.

दोन दिवसांनी ते मिलवर भिंतीच्या डागडुजीला गेले. तिथे सेवकराम नावाचा जुना हमाल चाकांच्या गाडीवर चार पोती घालून गोदामाच्या मागच्या बाजूने लांबचा फेरा मारत आला. समोर मिस्त्रींचा चढ रिकामा पडलेला.

"सेवक, गाडी इकडून काऊन नाही आणत?"

सेवकराम हसला. "तुमच्या चढावरून गाडी चढते का, मिस्त्री? पंधरा वर्सं झाले, आमी मागूनच फिरून येतो."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"तुमाले कोन सांगंल?" सेवकराम म्हणाला आणि गाडी घेऊन पुढे गेला.

हे मिस्त्रींना झोंबलं. पंधरा वर्षं ते त्या चढाकडे बोट दाखवून बढाया मारत होते आणि पंधरा वर्षं लोक त्याला वळसा घालून जात होते. त्या दिवशी भिंतीचं काम त्यांनी कसंबसं आटोपलं आणि सायकल सरळ शाळेकडे घातली.

"गुरुजी, तो कागद द्या. अना हा रॅम्प मोडून टाकतो."

गुरुजी हादरले. "मोडू नोका! फोटो वर गेला आहे. रॅम्प बांधला म्हणून नोंद झाली, आता नाही म्हणून कसं लिहू?"

"मंग राहू द्या तो फोटोसाठी. मी दुसरा बांधतो."

पडलेल्या कुंपणभिंतीच्या विटा होत्याच, वाळूही थोडी उरली होती. सिमेंट मिस्त्रींनी कुठून आणलं ते कोणी विचारलं नाही. व्हरांड्याच्या भिंतीला लागून त्यांनी दोरी धरली. एकवीस फूट मोजता मोजता ते हातपंपापाशी पोचले. ही लांबी पाहून त्यांना स्वतःचीच लाज वाटली. असला लोळता चढ आयुष्यात केला नव्हता, मिलवाल्यांनी पाहिलं असतं तर हसले असते. तरी बांधला. वर ताडपत्री ताणून, पाऊस चुकवत बांधला. शेवटच्या थराला हात आपोआप पट्टी ओढायला गेला, तेव्हा व्हरांड्यातून पाहत बसलेली रिंकी ओरडली, "काका, पट्टी नोको!" त्यांनी थापी खाली ठेवली आणि ओल्यावर हलका खराटा फिरवला, म्हणजे चाकाला पकड मिळावी. पुढे दोन्ही अंगांना कठडा केला, पाइप बसवला.

सगळं झाल्यावर लक्षात आलं की वर्गाच्या दाराला दोन इंच उंबरठा आहे. आता मात्र मिस्त्री घुटमळले. उंबरठे त्यांनी शेकड्यांनी बसवले होते, पूजा करून बसवले होते. काढला एकही नव्हता. विना उंबरठ्याचं दार कुणी ठेवतं का? त्यांनी गुरुजींना विचारलं. "उंबरठ्याचा फोटो वर गेलेला नाही," गुरुजी म्हणाले, "उडवा." मिस्त्रींनी उंबरठ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मग छिन्नी घेतली.

जुना रॅम्पही वाया गेला नाही. त्यावरून गुरुजींची मोटरसायकल व्हरांड्यात सावलीला चढायला लागली.

नव्या रॅम्पला पाणी मारून मारून तो पक्का झाला आणि त्याच आठवड्यात रोवणा लागला. त्या दिवशी शांतीबाई पहाटेच बांधीत गेली, हे मिस्त्रींनी येता येता पाहिलं होतं. शाळेची घंटा झाली. प्रार्थना झाली. सातवीचं दार लागलं. रिंकी आली नाही.

मिस्त्री हातपंपाच्या ओट्यावर बसून होते. आईने घरी ठेवली, त्यांनी मनाशी धरलं. पहिल्याच वेळी नीट बांधलं असतं तर मायलेकींना भरवसा वाटला असता. आता कोण कशाला विश्वास ठेवील उदाराम पटल्याच्या चढावर? त्यांना फार वाईट वाटलं, इतकं की उठून घरी जायचंही सुचेना.

पंधरा मिनिटांनी रिंकी फाटकातून आत आली. एकटी. मांडीवर दप्तर, तोंडात काहीतरी. ती रॅम्पला लागली, मध्ये एकदा थांबून दम घेतला. मिस्त्री धावत गेले आणि सवयीने हात पुढे केला.

"हात नोका लावू, काका."

ती चढली. दारापर्यंत गेली आणि दार ढकललं. आत रीता मॅडम गणित शिकवत होत्या.

"उशीर काऊन झाला?"

"दुकानात थांबली होती, मॅडम. बोरकूट घेतलं."

"बोरकूट? वर्ग सुरू होऊन किती वेळ झाला? दहा मिनिटं बाहेर थांब!"

मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी एवढं एकटीने चढून आली आणि ही बाई तिला बाहेर काढते! ते दाराशी जाऊन मोठ्याने म्हणाले, "मॅडम, तुमाले काही समजते का..."

रिंकीने खुर्ची गर्रकन वळवली आणि त्यांना डोळ्यांनी दाबलं. सहा वर्षं आईच तिला शाळेत आणून सोडत होती. आई उशिरा आली म्हणून लेकीवर कोण रागावणार?

"चूप राहा ना, काका," ती दबक्या आवाजात म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "मले पैल्यांदाच बाहेर काढलं."

आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी ती व्हरांड्याच्या मधोमध पुरी दहा मिनिटं बसून राहिली.