तोलघराचा खालचा ओंडका

इंगेगेर्ड मालम्बर्ग आमच्या शाळेत एकतीस वर्षं स्वयंपाकीण होती. निवृत्त झाली आणि गावाच्या इतिहासाच्या राशीला लागली. कोणत्या दाराची कडी कुठल्या लोहाराची, कोणतं घर कधी जळलं, सगळं तिच्या वहीत.

पूर्वी बोटींवरचा माल जिथे तोलला जायचा, ते बंदरावरचं लाकडी तोलघर नगरपालिकेनं पाडायचं काढलं, तेव्हा ती तडक माझ्या दारात आली.

"बर्टिल, भिंती कुजल्यात म्हणे. कुणामुळे, सांगू?"

सांगायची गरजच नव्हती. १९७४ साली मी, गावच्या रंगाऱ्यानं, त्याच्या ओंडक्यांच्या भिंतींवर चकचकीत प्लॅस्टिक रंग फासला होता. पन्नास वर्षं हलणार नाही, अशी फुशारकीही मारली होती. हलला नाहीच. पण लाकडात शिरलेलं पाणी आतच कोंडून राहिलं.

"अगं, पोरवय होतं तेव्हा!"

"तेवीस वर्षांचा घोडा होतास. चल तो रंग खरवडायला, लाकूड वाळू दे."

ऑगस्टअखेर तपासनीस येणार होती. लाकूड कुजलंय का ते बघायचा तिचा टोचा भिंतीत शिरला की तोलघर जमीनदोस्त आणि तिथे गाड्या उभ्या. आम्ही अख्खा उन्हाळा खरवडत होतो. माझे गुडघे रोज मला शिव्या घालत. गुरुवारी ती वाटाण्याचं सूप आणायची आणि चमचा हातात देऊन कामातल्या चुका काढायची.

ती यायच्या आदल्या दिवशी समुद्राकडचा सगळ्यात खालचा ओंडका मोकळा झाला. बोट लावलं तर भुगा पडला.

"आजच्या आज लाल रंग मारू या," मी म्हणालो. "कुणाला दिसणार नाही."

"झाकायचंच होतं तर तुझा प्लॅस्टिक काय वाईट होता?" ती म्हणाली.

तपासनीस मालिननं टोचा आधी नेमका तिथेच खुपसला. मुठीपर्यंत आत गेला. इंगेगेर्डनं माझं मनगट घट्ट धरलं. मग मालिन वर सरकली, कोपऱ्यांत गेली, चारही बाजूंनी टोचत फिरली. टोचा कुठेच शिरेना.

"एकच ओंडका गेलाय," ती म्हणाली. "घर उचलून धरायचं, नवा सरकवायचा. नुसता रंग दिसला असता ना, तर मी एकाही भिंतीवर विश्वास ठेवला नसता."

इंगेगेर्ड पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

नवा ओंडका बसल्यावर तिनं शाळेच्या जुन्या पातेल्यात राईचं पीठ, हिराकस आणि लाल माती घालून, लाकडात पाणी कोंडू न देणारा जुन्या पद्धतीचा रंग शिजवला. मी ढवळत होतो आणि ती वही लिहीत होती. मी हळूच म्हटलं, "माझ्या त्या रंगाचं नको ना लिहूस."

"गावाचा इतिहास आहे हा. तुझी आरती नाही."

तिनं वही माझ्यापुढे धरली. १९७४ समोर माझं नाव आणि चूक, स्वच्छ अक्षरात. खाली या वर्षासमोर लिहिलं होतं: 'तोलघर वाचलं. रंगारी, बर्टिल ओकरलुंड.'