तळहातावरची पावडर

नातीला आंघोळीनंतर पावडर लावताना तो वास आला आणि मला वाशीतला नव्वदच्या दशकातला आमच्या रॉक बँडचा कार्यक्रम आठवला. बाबा नावाजलेले तबलावादक. मैफलीआधी स्वतःच्या हातांना लावायचे, तशी त्यांनी स्टेजमागे माझ्या तळहातांना पावडर चोळली. "घामाने हात अडतो रे." ड्रमच्या काठ्या पावडरने निसटतात, हे मला ठाऊक होतं. पण ते पहिल्यांदाच मला ऐकायला आले होते, हात पुसवेनात.

दुसऱ्याच गाण्यात काठी उडून त्यांच्या पुढ्यात पडली. परतताना म्हणाले, "रियाज कमी पडतो तुझा." पुढे मी ड्रम सोडले, तेव्हाही लोकांना त्यांनी हेच सांगितलं. खुलासा करायचं माझ्या जिवावर आलं.

आज नातीच्या मुठी उघडून तळहातांवरची पावडर तेवढी पुसली.