सातव्या क्रमांकाबद्दल

जानेवारीतल्या रविवारी आमच्या गंगापूर रोडच्या घराच्या गॅलरीत ऊन उशिरा पोहोचतं. त्याआधी वाऱ्यावरून येतो तो द्राक्षबागांवर फवारलेल्या औषधाचा ओळखीचा, किंचित कडवट वास, आणि त्यात नुकत्याच छापलेल्या कागदाचा वास मिसळला की मला एक सुखद हुरहूर लागते, कारण पुरवणीच्या चौथ्या पानावर माझं सदर असतं. त्या रविवारी मात्र मी पुरवणीची घडीही न मोडता ती चपलांच्या रॅकवर ठेवली आणि आंघोळीला गेलो. मजकूर मला पाठ होता, हीच अडचण होती.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो आणि आठवड्यातून एकदा पाश्चात्त्य संगीतावर लिहितो. सदराखाली नाव छापतात ते ‘मिलिंद सुदाम’ असं, म्हणजे माझं आणि वडिलांचं. आडनाव गाळण्यामागे माझी काही पुरोगामी भूमिका असावी असा वाचकांचा समज आहे. पुरवणीच्या संपादकबाईंनी एका कार्यक्रमात त्याबद्दल माझं जाहीर कौतुक केलं, तेव्हा मी विनयाने मान लववून ते स्वीकारलंही. खरं कारण इतकं उदात्त नाही. आडनाव वाचलं की आपल्याकडे लोक लगेच पत्ता शोधू लागतात, आणि माझा मूळ पत्ता नाशिकरोडच्या एका बौद्ध वसाहतीत निघाला असता.

प्रसंग तसा किरकोळ होता. शहरातल्या एका छोट्या रेडिओ केंद्राने श्रोत्यांना आपला सर्वात आवडता रॉक अल्बम फोन करून कळवायला सांगितलं आणि आलेल्या मतांवरून पंचवीस अल्बमची यादी जाहीर केली. तिचा समाचार घेण्याचं काम ओघानेच माझ्याकडे आलं. असल्या कामात माझी लेखणी जरा जास्तच तेज होते. मी लिहिलं की ही सर्वोत्तम अल्बमची यादी नसून पन्नाशीतल्या पुरुषांच्या वसतिगृहांतल्या कॅसेटची यादी आहे. यांचं लग्न झालं त्या वर्षी जगातलं संगीत थांबलं असावं. पंचविसांत गायिका फक्त दोन, त्याही बहुधा कुणाच्या बायकोने मत दिल्यामुळे. हे सगळं खरं होतं आणि लिहिताना मला मजाही येत होती. मग मी सातव्या क्रमांकापाशी आलो.

सातव्या क्रमांकावर होता ‘पत्र्याखाली’. परदेशी नावांच्या गर्दीतला एकमेव मराठी अल्बम. तो केला होता ओझरच्या विमान कारखान्यात फिटर असलेल्या एका माणसाने आणि त्याच्या पाळीतल्या तीन सोबत्यांनी, वसाहतीतल्या समाजमंदिराच्या पत्र्याच्या छताखाली बसून. ढोलकीवर होते पगारेकाका, ज्यांनी चाळीस वर्षं भीमगीतांच्या गायनपार्टीला साथ केली. पहाटेची कंपनीची बस, डब्यातली गार भाकरी, जयंतीच्या दिवशी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात सकाळी उभं राहणं, अशी त्यातली गाणी. कारखान्याच्या बसमधल्या जवळजवळ प्रत्येकाने त्याला मत दिलं होतं. आणि तो फिटर, गिटार वाजवणारा, गाणारा, प्रकाशदादा, माझा सख्खा मोठा भाऊ.

हे माझ्या सदराच्या वर्तुळात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला सातवा क्रमांक सोडून पुढे जाता आलं असतं; पंचविसांत एक वगळलेला अल्बम कुणाच्या लक्षात आला असता? पण गप्प राहिलो तर ओळखीचा वास येईल असं मला वाटलं. मी लिहिलं: ‘सातव्या क्रमांकावर एकगठ्ठा मतांनी मिरवणुकीचा ट्रॅक्टर घुसला आहे. ढोलकी आणि इलेक्ट्रिक गिटार यांचा हा संसार चौकात शोभेल, अल्बममध्ये नव्हे.’ संपादकबाईंचा निरोप आला, सातव्याची मस्त खिल्ली उडवलीत म्हणून. मी हसरा चेहरा पाठवला. त्या अल्बममधलं तिसरं गाणं मी महिनाभर कॉलेजला जाताना गाडीच्या काचा वर करून ऐकत होतो, आणि ढोलकी सुरू होते तो तुकडा दर वेळी मागे नेऊन पुन्हा लावत होतो, हे मात्र त्या लेखात कुठेच नव्हतं.

त्यानंतर दोन रविवार मी वसाहतीकडे फिरकलो नाही. तिसऱ्या रविवारी दादाचाच फोन आला, चारला सराव आहे, ये. समाजमंदिराच्या दाराशी सूचनाफलकावर माझं ताजं कात्रण टाचणीने लावलेलं होतं, नेहमीसारखं. दादाची ती पद्धतच आहे. सरावाआधी तो माझं सदर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो, परदेशी वाद्यवृंदांच्या नावांवर अडखळत, आणि मध्येच थांबून ‘आमचा मिलिंद’ म्हणत. म्हणजे ती दोन वाक्यंही त्याने याच पत्र्याखाली, पगारेकाकांच्या समोर, मोठ्याने वाचली होती. हे दारात उभं असताना माझ्या लक्षात आलं.

“ये ना, बस,” दादा म्हणाला. “घरचा म्हणून सूट नाही दिली तू, हे मला लय आवडलं. आम्हाला कोण सांगणार असं? ऐक आता, सुधारलंय.”

त्यांनी तिसरं गाणं वाजवलं. सुधारणा अशी होती की ढोलकी काढून टाकली होती. गाणं नीटनेटकं झालं होतं, कुठल्याही शहरातल्या कुणीही केलेलं असावं तसं. पगारेकाका भिंतीलगत प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते, आणि मला उभा पाहून त्यांनी शेजारची खुर्ची हाताने पुसून माझ्यापुढे सरकवली. त्या क्षणी मला स्वतःची जी किळस आली ती मी आयुष्यात कधी अनुभवली नव्हती.

“दादा, ते मी खोटं लिहिलं होतं,” मी म्हणालो. “मला गाणी आवडतात. ढोलकीसकट.”

दादाने गिटारचा पट्टा खांद्यावरून काढला, गिटार भिंतीला टेकवली आणि माझ्यासमोर येऊन बसला. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. बालपणी माझं गणित चुकलं की तो जसा वहीत डोकावायचा, तसं त्याने माझ्याकडे पाहिलं.

“मग घाबरला कोणाला तू?”

मी नावं आठवू लागलो. संपादकबाई, ज्यांनी मला कधी कुठे राहतो हेही विचारलं नव्हतं. वाचक, ज्यांच्यातला एकही चेहरा मला माहीत नव्हता. मी शोधत गेलो आणि सांगण्याजोगा एकही माणूस सापडेना. पगारेकाकांनी मान खाली घातली होती, चूक त्यांची असावी तशी. दादा एरवी उत्तराची वाट पाहत नाही, विषय बदलतो, चहा मागवतो. त्या दिवशी त्याने वाट पाहिली.