हळद लागलेली कार्डं

आमच्या घरात पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील चळवळीतले. मला अक्षरओळख झाली तीच 'बंधूंनो' आणि 'कामगारांनो' या शब्दांवर. त्यामुळे बेलापूरकडच्या साखर कारखान्यानं उसाच्या नोंदी काँप्युटरवर घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी फाटकाशी उभा राहून पत्रक वाटलं. हे यंत्र आज नोंदी घेईल, उद्या कारकुनाची खुर्ची घेईल, असं त्यात लिहिलं होतं.

पहिलं पत्रक शेतकी खात्यातल्या जुन्या कारकूनकाकांना दिलं. लागणीच्या तारखा बघून कुणाचा ऊस आधी तोडायचा, हा क्रम तेच हातानं लावत. त्यांनी ते वाचून नीट घडी घातली.

"झ्याक लिवलंय, पुढारी. पर तुमची ताईच त्या कामावर हाय की."

खरंच होतं. ताईला तिथं कार्डं पंच करायचं तात्पुरतं काम मिळालं होतं. काँप्युटर पुण्यात होता. एका शेतातल्या उसाची माहिती म्हणजे पोस्टकार्डाहून लांबट एक जाड कार्ड आणि त्यावर पाडलेली बारीक भोकं. कार्डं खोक्यात भरून एसटीनं पुण्याला न्यायची. तिथलं यंत्र ती भोकं वाचून तोडीचा क्रम छापून देणार. पहिली खेप नीट वाचली गेली तर ताई कायम होणार होती, नाहीतर घरी बसणार होती.

खोकं नेणारा शिपाई तापानं पडला. मला एका सभेसाठी पुण्याला जायचंच होतं.

"तुझी तत्त्वं एक दिवस पिशवीत ठेव," ताई म्हणाली, "आणि खोकं मांडीवर."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, टपापासून झेंडूच्या सुकलेल्या माळा लोंबत असलेल्या एसटीत, मी ते खोकं मांडीवर घेऊन बसलो.

पुण्यात झाकण काढलं तर आत पाकळ्या. वरच्या कार्डांवर हळदीकुंकवाची ओली बोटं उमटून वाळली होती. कागद फुगला होता, भोकांत कुंकू बसलं होतं. खंडेनवमीला कारखान्यात पान्यांपासून वजनकाट्यापर्यंत सगळ्यांची पूजा होते. यंदा खोक्याचीही झाली होती.

"नारळ नाही ना फोडला आत?" काँप्युटरवरचा माणूस म्हणाला. "परत न्या. असली कार्डं घातली तर यंत्र अडकतं."

परत न्या. मला एवढंच करायचं होतं. खोटं बोलायचं नव्हतं, काही मोडायचं नव्हतं. कारखान्याचा प्रयोग फसला असता, कारकुनांची खुर्ची राहिली असती, माझं पत्रक खरं ठरलं असतं. आणि ताई घरी बसली असती. त्या क्षणी मला आनंद झाला होता, हे मला विसरता येत नाही. तो ओसरायच्या आत मी खिशातून रुमाल काढला.

एकेक कार्ड पुसत बसलो. माझं ते बघून तो माणूस विरघळला. फुगलेल्या कार्डांची भोकं वाचून त्यानं तिथल्या यंत्रावर तशीच नवी कार्डं पाडून दिली. सभा चुकली. त्या सभेत मी यंत्रांविरुद्ध बोलणार होतो.

छापील कागदांची गुंडाळी घेऊन परतलो, तर फाटकात कारकूनकाकाच भेटले.

"वाचली का समदी?"

"हो काका."

"वाचनारच. खोकं उघडून पूजा केल्ती म्या. झाकनाला हळद लावून काय उपेग? आत समद्यांचा ऊस हाय."

ताई त्यांच्या मागेच उभी होती. तिनं माझ्या खिशातल्या पिवळ्या रुमालाकडे पाहिलं आणि माझ्या हातातली गुंडाळी घेतली.

ताई कायम झाली. त्या हंगामात तोडीचा क्रम पुण्याहून आला आणि काकांना फाटकावर उसाच्या गाड्या मोजायला बसवलं. उन्हात, डोक्याला टॉवेल गुंडाळून ते बसलेले असतात. मी ताईचा डबा द्यायला जातो तेव्हा हटकून हाक मारतात.

"काय पुढारी, नवं पत्रक कवा?"

मी हसतो आणि डबा पुढे करत आत जातो. पत्रक अजून लिहिलेलं नाही.