पडद्यावरचं बोंड
धुळकट मॉनिटर तापला की एक करपट वास येतो, आणि मला यवतमाळचा आमचा कॉम्प्युटर क्लास आठवतो. कापसाला भाव नव्हता, त्या वर्षांतली गोष्ट. क्लासचं नाव आणि त्याखाली कापसाचं बोंड, असा लोगो मी नुसती अक्षरं नि चिन्हं जुळवून केला होता. टर्मिनलच्या, म्हणजे नुसत्या आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत तो उघडायचा. "सगळ्या कॉम्प्युटरवर रंगीत दिसला, तर तुला इथंच शिकवायला ठेवतो," सर म्हणाले होते. सरांच्या कॉम्प्युटरवर बोंड पांढरंशुभ्र, देठ हिरवागार. बाकीच्यांवर मात्र रंगांऐवजी कंस आणि आकडेच सांडायचे. मी दुरुस्ती करत होते, तेवढ्यात बाबा दारात उभे. "चाल माय, पोराकडचे उद्या तुले पाहाले येऊन राह्यले." "बाबा, थोडं थांबा ना, हे जमलं तर मले इथंच नोकरी हाये." ते मागच्या खुर्चीवर बसले. त्यांच्या सदऱ्याला कापूस चिकटला होता. घरातल्या खोल्या न विकलेल्या कापसानं आढ्यापर्यंत भरल्या होत्या. प्रत्येक कॉम्प्युटरला कळतील असे मोजके, साधे रंग मी घातले, आणि एकेक करत सगळ्या पडद्यांवर बोंडं फुटली. बाबा उठून प्रत्येकासमोर थांबले. "अस्सल दिसते व," ते हसून म्हणाले आणि माझी पिशवी उचलली. "चाल आता, बस निघून जाईन." सर एकेक कॉम्प्युटर बंद करू लागले. मी बाबांच्या मागे निघाले. ते चिडले असते, तर मी भांडले असते. पण त्यांना ते खरंच आवडलं होतं.