सावंत बसवत नाही

विजेच्या सामानाच्या दुकानात धूळ आणि किस्से सारखेच साचतात. धूळ निदान रोज सकाळी झटकता येते! अंधेरीतल्या आमच्या दुकानात मी बरीच वर्षं काउंटरवर आहे. मालक पाटकरशेठ गल्ल्यावर, आणि घरोघरी जाऊन फॅन बसवणारा सावंत, मूळचा कणकवलीचा, दाराजवळच्या स्टुलावर. बाथरूमच्या छतात बसवायचा लाइटवाला एक्झॉस्ट फॅन हा आमचा सगळ्यात डोकं खाणारा माल.

*

एक साहेब आले. तिन्ही रंगांचे लाइट लावायला लावले आणि प्रत्येक फॅनखाली डोकं धरून सेल्फी काढत बसले. पांढरा नको, मधला नको. शेवटी पिवळ्यावर बोट ठेवलं.

"हाच द्या. यात टक्कल कमी दिसतं!"

सावंत हळूच म्हणाला, "बंद ठेवलात तर अजिबात दिसाचा नाय."

*

लाइट निवडायला लोक तासभर घालवतात, आगीचं मात्र कोणी विचारत नाही. मोटार फार तापली की फॅन आपोआप बंद करणारा कटऑफ आमच्याकडे फक्त महागातल्या फॅनमध्ये येतो. एका काकूंना मी तो समजावत होतो.

"बाथरूममध्ये पाणी असतं रे, आग कशी लागेल?"

"पाणी बादलीत आसा, काकू," सावंत म्हणाला. "मोटार छपरात आसा!"

काकूंना पटलं. मग म्हणाल्या, "बरं, पण लाइट पांढरा आहे ना?"

*

साकीनाक्याहून एक जण आला. त्यालाही मी कटऑफ सांगितला.

"म्हणजे आपोआप बंद पडतो? यार, बंद पडणारा फॅन पैसे देऊन कोण घेईल? न बंद पडणारा दाखवा!"

मी स्वस्तातला काढला, तर सावंत स्टुलावरूनच म्हणाला, "तो मी बसवणार नाय." गिऱ्हाईक आल्या पावली परत!

शेठ भडकले. "हे तिसरं गिऱ्हाईक! लोक मला विचारतात, माल आहे तर सावंत का बसवत नाही? अजून एक परत गेलं ना, तर तू पण गावाला जायचं!"

सावंतची मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नोकरी गेली तर घराची वाटच लागली असती. मला फार वाईट वाटलं.

*

त्याच आठवड्यात शेठनी स्वतःच्या घाटकोपरच्या घरासाठी फॅन निवडला. स्वस्तातला! सावंत मुकाट्याने खोका उचलून निघाला. मला वाटलं, वाकला बिचारा.

दोन महिन्यांनी शेठचं अख्खं घर बाथरूमचा फॅन चालू ठेवून लग्नाला गेलं. संध्याकाळी परत येऊन बघतात तर फॅन बंद.

"काय बसवलंयस रे सावंत!" म्हणत शेठ दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना शिडीसकट घरी घेऊन गेले. सावंतने कव्हर काढलं. मागच्या, बाहेर उघडणाऱ्या पाइपात कबुतरांनी संसार थाटला होता. काड्या पात्यांत अडकलेल्या, सुकं गवत थेट मोटारीला लागलेलं. आणि दोन अंडी!

शेठ स्वतः शिडीवर चढले. मोटारीवरचं लेबल वाचलं.

"अरे, हा तर कटऑफवाला! हा मी दिलाच नव्हता!"

"तुमचो खोको त्याच दिवशी गोदामात ठेवलंय परत," सावंत खालून म्हणाला.

शेठ अंड्यांना धक्का न लावता कव्हर परत लावून खाली उतरले.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलंच गिऱ्हाईक. "तो स्वस्तातला लाइटवाला द्या. आजच बसवून हवाय."

मी शेठकडे बघितलं.

"नाही मिळणार," शेठ म्हणाले.

"का? समोर तर ठेवलाय!"

"सावंत बसवत नाही."

गिऱ्हाईक तणतणत बाहेर पडलं. सावंतने स्टुलावरून उठून पिशवी खांद्याला लावली.

"कुठे निघालास?"

"तुम्हीच म्हटलात ना, अजून एक गेला तर..."

"बस खाली," शेठ म्हणाले. "आधी मला सांग, कबुतराची अंडी किती दिवसांत फुटतात?"