थावरूकाकांची पहिली सीट

२१ नोव्हेंबर.
आठ महिने इथे काहीच लिहिलं नाही, माफ करा. कामात होते हे खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. आळसही होता.

ज्या माणसाला मी आमच्या ॲपवर ब्लॉक केलं होतं, तो परवा गेला.

ब्लॉक केलं होतं, हे मला आज कळलं.

थावरू राठोड. सेनगावच्या जीप स्टँडवर नंबर लावायचे. म्हणजे कोणती गाडी आधी भरायची ते ठरवायचे आणि पॅसेंजरला हाका मारायचे. उन्हाळ्यातसुद्धा कानाला मफलर.

जुन्या मित्रांना माहीत आहे, फंडिंगचा फुगा फुटल्यावर पुण्यातली आमची कंपनी बंद पडली. तिथे आम्ही सगळ्यांना कूपन वाटायचो. कूपनं थांबली, ग्राहकही थांबले.

मग मी दोन सहकाऱ्यांना घेऊन माहेरी, सेनगावला आले.

कल्पना साधी होती. इकडे जीप घड्याळ बघून सुटत नाही, भरली की सुटते. तर गाडीत किती सीट रिकाम्या आहेत ते घरबसल्या फोनवर दिसावं. ड्रायव्हर डोकी मोजून आकडा टाकणार. हवी असेल त्याने आधी सीट धरावी.

थावरूकाका हसले होते.

"ताई, मी काय ओरडतो ठाऊक हाय का? एकच सीट, एकच सीट! गाडीत कुत्रं बी नसतं तवा."

"पण ते खोटं झालं ना, काका?"

"खोटं काहून? बोलावणं हाय ते."

मी मात्र खराच आकडा दाखवायचा हट्ट धरला. नऊ रिकाम्या, तर नऊ.

लोकांनी नऊ रिकाम्या बघितल्या आणि घरी निवांत चहा पीत बसले. एक राहिली की निघू.

सगळेच तसं म्हणाले.

त्या आठवड्यात सकाळची पहिली गाडी उन्हं चढेपर्यंत हलायचीच नाही. एक ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, तुमी खरं बोलून राहिल्या, अन् गाडी आमची उभी राहून राहिली."

महिन्या-दोन महिन्यांत जमलं नाही तर बंद करायचं, असं आम्ही तिघांनी ठरवलं. दुसऱ्यांदा बंद. घरी काय सांगायचं याची मी मनातल्या मनात तयारीही सुरू केली होती.

शेवटी काकांपुढे जाऊन बसले. त्यांनी एवढंच विचारलं,

"पहिल्या माणसाला काय देता?"

"द्यायला आता पैसे नाहीत, काका."

"पैशाचं कुठं म्हणलो मी? आमचे आजे-पणजे बैलावर धान्य लादून गावोगाव जायचे. बैलं कितीबी असू द्या, घंटा अन् कवड्या पुढच्या बैलालाच. त्याचा मान केला की मागचे बराबर येतात."

म्हणून आम्ही पहिल्याचा मान केला. जो पहिली सीट धरेल, त्याला ड्रायव्हरशेजारची खिडकी. आमदाराचा मेव्हणा आला तरी त्याला कोणी उठवायचं नाही.

गाड्या हलू लागल्या.

आज चार तालुक्यांत आमचं काम आहे. कुठे बोलायला बोलावलं की मी ही खिडकीची गोष्ट सांगते. टाळ्या पडतात.

आज सकाळी काकांच्या तांड्यावर घरच्यांना भेटायला गेले. त्यांची सून सुनीता माझ्याशेजारी ओट्यावर बसली. म्हणाली,

"ताई, तुमी माझा नंबर बंद केलता. आठवतं का?"

मला आठवेना.

"आबा रोज सकाळी माझ्या फोनवरून पहिली सीट धरायचे. जाऊन गाडीत बसायचे, तिथूनच हाका मारायचे. गाडी भरत आली की शेवटच्याला जागा देऊन उतरायचे. मग मी सीट रद्द करायची. एक दिवस मेसेज आला, तुमचं खातं बंद."

"मग?"

"मग काय. नुसतेच जाऊन बसायला लागले. म्हणले, बसायला फोन कशाला लागतो?"

"खिडकीत?"

"न्हाई, मागं. खिडकी पॅसेंजरची म्हणायचे."

सांगता सांगता तिला हसू आलं. मग रडू.

घरी येऊन ॲपचा जुना लॉग, म्हणजे बुकिंगच्या नोंदी, उघडला. एकच नंबर. रोज पहिली सीट, रोज रद्द. सदतीस दिवस. त्याच्यापुढे माझीच टीप: त्रास देणारा युजर, ब्लॉक.

मी परत परत मोजलं. त्या सदतीस दिवसांत सकाळच्या पहिल्या गाडीची खिडकी आधी येणाऱ्या एकाही पॅसेंजरला मिळालेली नाही. तरी गाडी लवकर भरून सुटत होती.

म्हणजे मी सांगते ती गोष्ट निदान सुरुवातीपुरती तरी खरी नाही. लोक खिडकीसाठी आले नव्हते. आत कोणीतरी बसलंय, एवढंच त्यांना दिसत होतं.

पुढे वेगवेगळे नंबर पहिली सीट धरू लागले. ते खिडकीमुळे, की मागे काका बसलेले असायचे म्हणून? लॉगमध्ये नाही. पुढे ते फोनशिवाय बसत होते.

त्यांना मी किती प्रश्न विचारले. भाडं, रूट, ड्रायव्हरांची भांडणं. पण सकाळी तुम्ही स्वतः काय करता, हे कधीच विचारलं नाही. आणि ते का बोलले नाहीत? मला वाईट वाटेल म्हणून? की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलंच नाही?

माहीत नाही. आता कळणारही नाही.

सुनीताचा नंबर आज चालू केला. फार उशिरा.

काका, येते. तुमच्या हाकेवर बरीच माणसं वेळेत पोचली. त्यांत मीही आहे.

उद्यापासून हिंगोली ते कनेरगाव नाका ही नवी लाइन सुरू होतेय. सकाळी ॲपवर दिसेल: नऊ रिकाम्या.

उद्याचं काम: सहा वाजता त्या गाडीत सगळ्यांच्या आधी जाऊन बसणे. मागच्या सीटवर.